काडेपेटीतली पाल

मागच्या दिवाळीत नात घरी आली होती. ती कोल्हापूरला शिकते. रात्री जेवणं झाल्यावर मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, "आजोबा, ही पाल बघा." मी चष्मा शोधला आणि पाहिलं. वाळक्या पानांवर बोटाच्या दोन पेरांएवढा एक जीव बसलेला होता. रंग पाचोळ्याचाच. चटकन दिसलीही नाही. मी म्हटलं, "पालच आहे की, त्यात काय बघायचं?" तर ती म्हणाली, "डोळे बघा. घरातल्या पालीच्या डोळ्यात मांजरासारखी उभी चीर असते. हिची बाहुली गोल आहे, कारण ही दिवसा हिंडते. आणि ही भिंतीवर नाही राहत, जंगलात खाली पाल्यात राहते."

मांजरासारखी चीर! हे शब्द ऐकले आणि मी एकदम गप्प झालो. सौ.नी विचारलंसुद्धा, "काय झालं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण त्या रात्री झोप लागली नाही. हेच शब्द मी पूर्वी एकदा ऐकले होते, चाळीसपेक्षा जास्त वर्षांपूर्वी, एका सातवीच्या पोराच्या तोंडून. त्या दिवशी मी त्याच्याशी जे वागलो ते आज लिहून टाकतो. मग जी थोडी शोधाशोध केली तीही सांगतो.

१९७९ साल असावं. साकोली तालुक्यातल्या एका गावात मी मराठी आणि इतिहास शिकवत होतो. गावाला लागूनच जंगल. साग, येन, मोह, तेंदू. पलीकडे एक मामा तलाव. (आमच्याकडे मालगुजारी तलावांना मामा तलाव म्हणतात, परक्या वाचकांनी मामाचा शोध घेऊ नये.) पोरं बहुतेक शेतकऱ्यांची, ढिवरांची, गोंडांची. सुटीत मोह वेचायचे, तेंदूपत्ता तोडायचे. हा पोरगा अभ्यासात बेताचाच, पण डोळा तीक्ष्ण. पक्ष्याचं घरटं कुठं, खेकडा कोणत्या बिळात, सगळं त्याला ठाऊक.

एक दिवस मधल्या सुटीनंतर तो माझ्या टेबलाशी आला आणि काडेपेटी पुढे केली. आत एक बारीक पाल. राखी अंगावर काळे ठिपके ओळीने. म्हणाला, "गुर्जी, हिचे डोरे पाहा. मांजरीवानी आहेत. हे भितीवरची नोहे जी, जंगलातली आहे. हिचं नाव काय?"

वाचकहो, मी काय केलं? आधी म्हणालो, "डोरे नाही, डोळे म्हण. ळ म्हण, ळ." वर्ग हसला. आमच्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो. डोळ्याचा डोरा, काळ्याचा कारा. आणि मी मराठीचा बी.ए., त्यामुळे शुद्ध भाषा शिकवणं हे माझं परमकर्तव्य! त्याने तीनदा 'डोळे' म्हटलं. मग मी सांगितलं, "पालीला पालच म्हणतात. दुसरं काय नाव असणार? विषारी असते ती. फेकून ये बाहेर आणि राखेने हात धू." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दुसऱ्या एका पोराने ती काडेपेटी बाहेर नेली आणि चपलेने ठेचली. मी पाहिलं आणि काही बोललो नाही. त्या दिवशी मी 'पानिपतची तिसरी लढाई' शिकवली. धडा चांगला रंगला होता असंही आठवतं.

नातीचा फोटो पाहून हे सगळं वर आलं. पोराने तीन गोष्टी सांगितल्या होत्या. डोळा मांजरीसारखा, भिंतीवरची नाही, जंगलातली आहे. आणि एक प्रश्न विचारला होता. तीन निरीक्षणं आणि एक प्रश्न! विज्ञान म्हणजे आणखी काय असतं? मी त्याला एक अक्षर दुरुस्त करून दिलं आणि प्राणी मारू दिला.

मग ठरवलं की, उशिरा का होईना, त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि नातीला इंटरनेटवरचे जुने ग्रंथ उघडून देता येतात.

आधी आपल्या घरातलंच पाहू. पालीला संस्कृतात पल्ली म्हणतात, मुसली म्हणतात आणि गृहगोधिका असंही एक भारदस्त नाव आहे. गोधा म्हणजे घोरपड. तेव्हा गृहगोधिका म्हणजे घरातली छोटी घोरपड! कुड्यमत्स्य असाही एक शब्द आहे, म्हणजे भिंतीवरचा मासा. ज्याने हा शब्द केला त्याने पाल नीट पाहिली असणार. पण गंमत अशी की ही सगळी नावं घरातल्या, भिंतीवरच्या पालीची. रानातल्या पालीला आपल्या शिष्ट भाषेत वेगळं नावच नाही. जी घरात येत नाही ती भाषेतही आली नाही.

घरात आलेल्या पालीचं मात्र आपण फार काही केलं. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असे. उजव्या खांद्यावर पडली तर काय, डाव्या पायावर पडली तर काय. माझी आजी पाल चुकचुकली की जमिनीवर बोटाने टकटक करून "खरं, खरं" म्हणायची. बोललेलं सत्य ठरतं म्हणे. म्हणजे एकीकडे तिच्या तोंडून सत्य वदवून घ्यायचं आणि दुसरीकडे दिसली की केरसुणी हाणायची! तिच्या थोरल्या बहिणीला, घोरपडीला, मात्र आपण इतिहासात मान दिला. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांची माणसं कोंढाणा चढली, ती यशवंती घोरपडीच्या कमरेला दोर बांधून, असं लोकपरंपरा सांगते. इतिहासाचे अभ्यासक ते मानत नाहीत, पण मी वर्गात ती गोष्ट दरवर्षी सांगितली आणि पोरांनी दरवर्षी डोळे विस्फारून ऐकली. घोरपडीला नाव आहे, यशवंती. पालीला नाही.

आणि विषाचं म्हणाल तर, आपल्याकडच्या कोणत्याही पालीच्या तोंडात विष नसतं. विषग्रंथीच नाहीत. पाल पडलेलं अन्न खाऊन पोट बिघडू शकतं, ते तिच्या विष्ठेतल्या जंतूंमुळे. तेव्हा अन्न झाकून ठेवावं आणि पडली तर ते टाकून द्यावं हे बरोबरच. पण विषारी म्हणून तिला मारायला काही आधार नाही. मी पस्तीस वर्षं पोरांना जे सांगितलं ते चुकीचं होतं. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

आता त्या काडेपेटीकडे वळू. नातीने जुने ग्रंथ धुंडाळले आणि एक नाव पुढे आलं. विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड. जन्म १८३२, लंडनचा. १८५५ साली तो आणि त्याचा भाऊ हेन्री असे दोघे भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरीला लागले. भाऊ पुढे आपल्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. विल्यमचं काम दगड तपासायचं, कोळसा कुठं आहे ते पाहायचं. आपल्या चांद्याच्या बाजूच्या, वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरही त्याने लिहिलं आहे. पण दगड उचलला की खाली काहीतरी जिवंत असतंच. विंचू, गोगलगाय, पाल. दुसऱ्या कोणी दगड पाहून ते सोडून दिलं असतं. याने तेही गोळा केलं.

१८७० साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने मध्य भारतातल्या सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांवर एक लांबलचक टिपण छापलं. त्यात त्याने एका पालीला पहिल्यांदा शास्त्रीय नाव दिलं. हेमिडॅक्टिलस ग्रॅसिलिस. ग्रॅसिलिस हा लॅटिन शब्द. अर्थ सडपातळ, नाजूक. कुठं सापडली? आग्नेय वऱ्हाडात आणि रायपूरजवळ.

हे वाचून मी नकाशा काढला. डावीकडे वऱ्हाड, उजवीकडे रायपूर. मधोमध काय आहे? भंडारा! नागपूरहून रायपूरला जाणारा जुना रस्ता भंडारा, लाखनी, साकोली असाच जातो. मी ज्या शाळेत शिकवत होतो ती त्या रस्त्यापासून काही कोसांवर.

ती सडपातळ पाल भिंतीवर राहत नाही. जमिनीवर, दगडाखाली, वाळल्या गवतात आणि पाल्यापाचोळ्यात तिचा मुक्काम. अंगावर काळसर ठिपक्यांच्या ओळी. रात्री बाहेर पडते, म्हणून डोळ्यात उभी चीर. काडेपेटीतल्या त्या जिवाची तीच जात होती, अशी शपथ मी घेणार नाही. चपलेखाली गेलेल्या जिवाची ओळख आता कोण पटवणार? पण पोराने सांगितलेली लक्षणं या सडपातळ पालीला जुळतात. म्हणजे त्याने प्रश्न विचारला तेव्हा त्याचं एक उत्तर छापून शंभराहून जास्त वर्षं झाली होती. कलकत्त्यात, इंग्रजीत. आमच्या शाळेच्या कपाटात मात्र ते नव्हतं, आणि माझ्याही डोक्यात नव्हतं.

ब्लॅनफर्डच्या काळाचाही विचार करून पाहा. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ साली मध्य प्रांत झाला. नागपूरला मुंबईकडून रेल्वे आली १८६७ साली. पण नागपूरच्या पूर्वेला रूळ पडायला १८८० चं दशक उजाडलं. म्हणजे ही मंडळी घोड्यावर, बैलगाडीने, तंबू ठोकत हिंडत. राज्य घेतल्यावर जमीन मोजायची, कोळसा शोधायचा, झाडं मोजायची हा सरकारचा उद्योग, आणि त्याच्याच पोटात हे पाल-सरडे मोजणं. हे काही निव्वळ ज्ञानासाठी नव्हतं. पण एवढंही कबूल केलं पाहिजे की ज्याला आम्ही हजार वर्षं नुसती पाल म्हणत आलो तिला याने वाकून पाहिलं. त्याच १८७० सालाच्या सुमारास तिकडे मद्रास इलाख्यात कर्नल बेडम नावाचा जंगलखात्याचा अधिकारी दक्षिणेतल्या डोंगरांतल्या पालींना नावं देत होता. बरेच नमुने बाटलीत भरून शेवटी विलायतेला गेले. ब्लॅनफर्ड १८८२ साली निवृत्त झाला आणि पुढे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेचा पहिला संपादक झाला. त्याच मालेत १९३५ साली माल्कम स्मिथने भारतातल्या सरड्या-पालींचा खंड लिहिला. ती पुस्तकं पन्नास वर्षं प्रमाण मानली गेली.

आता नातीच्या पालीची गोष्ट. ती ऐकून माझा जीव थोडा हलका झाला.

फोटोतली पाल राधानगरीच्या जंगलातली. १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून हे जंगल राखलं गेलं. त्याआधी ते कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान. लोक तिथे गवा पाहायला जातात. एक टन वजनाचा प्राणी समोर असताना बोटाएवढ्या पालीकडे कोण बघणार? पण बघणारे निघाले. २००९ साली वरद गिरी, अमेरिकेतले आरन बावर आणि गायकवाड या तिघांनी या पालीचं वर्णन प्रसिद्ध केलं. तोवर ती विज्ञानाला माहीतच नव्हती. नाव दिलं निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. कोल्हापूरची! शेपूट सोडली तर तीन-चार सेंटिमीटरचा जीव. जंगलात जमिनीवर, पाल्यात हिंडणारा. उन्हाची तिरीप अंगावर पडली की खवल्यांवर इंद्रधनुष्यासारखे रंग चमकतात. 

या निमास्पिस कुळातल्या पालींचं सगळंच जगावेगळं. घरातल्या पालीच्या बोटांखाली पट्ट्यांच्या गाद्या असतात. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे लक्षावधी केस, त्यांच्या जोरावर ती काचेवरही चालते. तिथे डिंक नाही, चिकटपणा नाही. नुसत्या रेणूंच्या आकर्षणावर काम चालतं, हे २००० सालानंतरच्या प्रयोगांत सिद्ध झालं. निमास्पिसच्या बोटांना गादी नाही. बोटं काडीसारखी बारीक, टोकाला नखं. खडकाच्या खाचेत, झाडाच्या सालीवर, पाल्यात चालायला तेवढी पुरेत. आणि बहुतेक जाती दिवसा हिंडतात, म्हणून बाहुली गोल.

गोव्यात काणकोणच्या जंगलातून आर. सी. शर्मा यांनी १९७६ साली अशीच एक पाल नोंदवली होती. त्यानंतर आपल्या उत्तर सह्याद्रीत तेहतीस वर्षं सामसूम. पण २००९ नंतर जणू दार उघडलं. २०१४ साली साताऱ्याच्या कासची पाल, तिचं नाव वरद गिरींवरून गिरी. २०१६ साली आंबोलीची पिवळ्या पोटाची, ती अमित सय्यद, अलेक्झांडर पायरन आणि नीलेश दहाणूकर यांनी वर्णिली. २०१९ साली आंबा आणि कोयना या नावांच्या दोन, त्या अक्षय खांडेकर, तेजस ठाकरे आणि ईशान अगरवाल यांच्या. ही यादी अजून वाढतेच आहे. एकेका घाटाची, एकेका डोंगराची आपली आपली पाल. दऱ्या ओलांडून तिला जाता येत नाही. गाद्यांवर चिकटून गाडीतून, मालातून जगभर पसरणं घरच्या पालीला जमतं, हिला नाही. कोट्यवधी वर्षं हे जीव आपापल्या डोंगरावर अडकून वेगळे होत गेले. म्हणून एक डोंगर भाजला किंवा कापला की एक जात जगातून जाऊ शकते. नात म्हणाली, "आजोबा, वाघ एका जंगलातून गेला तर दुसऱ्या जंगलात असतो. हिला दुसरं जंगलच नाही."

मला इतिहासाचा मास्तर म्हणून यात एक गोष्ट फार भावली. नावं पाहा. आधी ग्रॅसिलिस, लॅटिन. मग कोल्हापूर, कोयना, आंबा. आपली गावं, आपल्या नद्या, आपले घाट. २०१७ साली तर मध्य प्रदेशातल्या सातपुड्यातून, म्हणजे आमच्या उत्तरेच्या शेजारातून, एका पालीचं वर्णन झालं आणि झीशान मिर्झा व डेव्हिड राजू यांनी तिचं शास्त्रीय नाव ठेवलं चिपकली! हिंदीतला अगदी स्वयंपाकघरातला शब्द लॅटिनच्या पंगतीत जाऊन बसला. दीडशे वर्षांत एवढा फरक पडला. तेव्हा नाव देणारा बाहेरचा होता आणि वाट दाखवणारा गावकरी टिपणाच्या कागदावर कुठेच नव्हता. आता नाव देणारी पोरं आपली आहेत. वाट दाखवणाऱ्याचं नाव अजूनही फारसं येत नाही, ते यायचं आहे.

इथे मारुती चितमपल्लींची आठवण येतेच. नवेगावबांधला ते वनाधिकारी होते तेव्हा तो भाग आमच्याच जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. मूळ सोलापूरचा हा माणूस, पण गोंडांकडून, ढिवरांकडून पक्ष्यांची, झाडांची, माशांची नावं गोळा करत हिंडला, आणि त्यातून पुढे पक्षिकोशासारखी कामं उभी राहिली. जून २०२५ मध्ये ते गेले. ती बातमी वाचली तेव्हा मनात आलं, त्याच काळात, त्याच मुलखात मी मास्तर होतो. त्यांच्यासमोर कोणी 'डोरे' म्हटलं असतं तर त्यांनी वही काढून तो शब्द लिहून घेतला असता. मी तो खोडला.

असो. आता शेवटचं.

नात परत गेल्यावर मला चैन पडेना. तो पोरगा आता कुठे असेल? चौकशी केली तर कळलं, गावातच आहे. पाच एकर धान आहे आणि उन्हाळ्यात जंगलखात्याकडे वणवा राखायला जातो. मार्चमध्ये एका सकाळी एसटीने साकोलीला उतरलो आणि पुढे एका ओळखीच्या माणसाच्या गाडीवर बसून गेलो. जाताना कोक्याच्या बाजूची टेकडी दूरवर दिसत होती. कोका अभयारण्य झालं २०१३ साली, आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही त्याच वर्षीचा. पळस संपत आला होता, मोह सुरू झाला होता.

आमच्याकडे एक वाईट रीत आहे. मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली पाला असला की ती दिसत नाहीत, म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात. तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही कुठे कुठे आग लावतात. ती आग झाडाखाली थांबत नाही. पाला एकरा-एकराने जळतो. आपण म्हणतो, पाला तर जळला, झाडं उभी आहेत ना! पण त्या पाल्यात कोण राहतं? जिला पळून पळून वीत-दोन वीत जाता येतं, ती पाल आगीपुढे कुठे जाणार? तिची अंडीही तिथेच, दगडाच्या बुडाशी. वाघासाठी जाळरेषा आखतात, पालीसाठी कोणी आखत नाही. पण लोकांनाही दोष देऊन भागत नाही. मोहाच्या फुलावर उन्हाळ्याचे दोन महिने निघतात ज्या घरांचे, त्यांना पाल्याचं पुराण सांगायला आपल्याला तोंड पाहिजे.

तो मोहाखालीच भेटला. केस पांढरे झालेले, पण डोळा तोच. पाया पडला. मी म्हटलं, "अरे, राहू दे." बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग मी काडेपेटीची गोष्ट काढली. फार तयारी करून गेलो होतो. माफी मागायची होती, उत्तर सांगायचं होतं, ब्लॅनफर्ड, वऱ्हाड, रायपूर, सगळं. तो ऐकत राहिला आणि डोकं खाजवत म्हणाला, "काडेपेटीचं नाई आठवत जी. पन तुमी राखेनं हात लय धुवाले लावले होते एकदा, थे आठवते."

म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्याच्याजवळ काय उरलं होतं? प्रश्न नव्हता, प्राणी नव्हता. हात धुणं तेवढं उरलं होतं! मला वाटतं मास्तराला यापेक्षा मोठी शिक्षा नसावी. तो मात्र मजेत हसत होता.

मी विचारलं, "तशा पाली अजून दिसतात का?"

"दिसतेत ना जी. पाल्यात राहतेत. आता कमी झाल्या."

"तुम्ही लोक काय नाव म्हणता तिला?"

"नाव कायले पाहिजे जी? आमी तिले हात नाई लावत, थे आमाले नाई लावत."

मी गप्प बसलो. इतकी सगळी नावं शोधून गेलो होतो, लॅटिन, संस्कृत, इंग्रजी. त्याला एकाचीही गरज नव्हती. पण तेवढ्यात माझं लक्ष गेलं. आजूबाजूच्या मोहांखाली काळे डाग होते, जळलेल्या पाल्याचे. याच्या झाडाखालची जमीन मात्र स्वच्छ झाडलेली. कडेला पाल्याचा ढीग, न जळलेला. बाजूला खराटा टेकवून ठेवलेला.

मी विचारलं, "तू जाळत नाहीस?"

म्हणाला, "मी जारत नाई जी. झाडून घेतो. येळ लागते, पन आत जीव असतेत ना."

तो 'जारत' म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही. वही नव्हती, म्हणून एसटीच्या तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. डोरे, जारत, थे. आणि त्याखाली ब्लॅनफर्डने दिलेलं ते नाव मोठ्या अक्षरात लिहून तिकीट त्याला दाखवलं. त्याने ते अडखळत एकदा वाचलं आणि म्हणाला, "लय मोठं नाव आहे जी एवढ्याशा जिवाले."

परत निघताना त्याने मोहाची चार फुलं हातावर ठेवली. एसटीत बसल्यावर ती खाल्ली. हात धुतले नाहीत.